बारा लाकडी शिपाई, चार भावंडं : हॉवर्थच्या घरशाळेचा एक प्रकरण अभ्यास

घरी शिकणाऱ्या भावंडांच्या पालकांशी बोलताना एक प्रश्न हटकून येतो : मुलांनी एकत्र काय करावं आणि वेगवेगळं काय? एकच प्रकल्प तिघांना दिला तर थोरलं तो उरकून टाकतं आणि धाकटं नुसतं बघत बसतं. प्रत्येकाला वेगळा दिला तर एका घरात तीन शाळा भरतात आणि आईवडिलांची दमछाक होते. सल्ले पुष्कळ मिळतात. मला मात्र एखादं घर वर्षानुवर्षं, मुलांच्या स्वतःच्या नोंदींसकट, अगदी मुलं मोठी होईपर्यंत बघायला मिळावं असं वाटत होतं. आजच्या घरांचं असं चित्र अजून पूर्ण झालेलं नाही. म्हणून दोनशे वर्षांपूर्वीचं घर निवडलं : इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचं ब्राँटे कुटुंब.

या घरातल्या तिघी बहिणी पुढे मोठ्या लेखिका झाल्या, हे या निवडीचं मुख्य कारण नाही. मुख्य कारण त्यांचे कागद आहेत. एकाच सकाळी घडलेल्या एकाच प्रसंगाच्या दोन भावंडांनी लिहिलेल्या दोन नोंदी शिल्लक आहेत. मुलांनी काय खेळलं, कोणावर रुसले, कुठला धडा टाळला, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मोठ्यांनी मागाहून रंगवलेलं बालपण वेगळं आणि तेरा वर्षांच्या मुलीने त्याच वर्षी लिहिलेलं वेगळं.

घर आणि घरातली माणसं

पॅट्रिक ब्राँटे हे मूळचे आयर्लंडचे, गरीब घरातून केंब्रिजपर्यंत पोचलेले धर्मगुरू. १८२० मध्ये ते सहा मुलांना घेऊन हॉवर्थला आले. पुढच्याच वर्षी मुलांची आई गेली. आईची बहीण, एलिझाबेथ ब्रॅनवेल, दूर कॉर्नवॉलहून मुलांना सांभाळायला आली आणि मरेपर्यंत तिथेच राहिली. १८२४ मध्ये चार मुलींना धर्मगुरूंच्या मुलींसाठी असलेल्या कोवन ब्रिजच्या निवासी शाळेत घातलं. तिथून मारिया आणि एलिझाबेथ या थोरल्या दोघी आजारी होऊन परतल्या, आणि १८२५च्या मे आणि जून महिन्यांत एकीमागून एक क्षयाने गेल्या. वडिलांनी उरलेल्या दोघींना, शार्लट आणि एमिलीला, घरी आणलं.

ही घरशाळा कुणाच्या शिक्षणविचारातून उभी राहिली नव्हती. ती दोन लेकी गमावलेल्या बापाची भीती होती, आणि ती रास्तच होती. पुढची साडेपाच वर्षं चार मुलं एका छताखाली शिकली : शार्लट नऊ वर्षांची, भाऊ ब्रॅनवेल आठाला टेकलेला, एमिली सातव्या वर्षाच्या तोंडावर आणि ॲन पाच वर्षांची. दोन थोरल्या बहिणी अचानक नाहीशा झाल्यामुळे तिसऱ्या क्रमांकाची शार्लट एकाएकी सगळ्यांत मोठी झाली होती. तिच्या पुढच्या वागण्यातली धाकट्यांची काळजी आणि त्यांच्यावरचा ताबा, दोन्ही मला इथून आलेले दिसतात.

दिनक्रम साधा होता. वडिलांकडे धडे, मावशीजवळ मुलींचं शिवणकाम, मग मागच्या माळरानावर लांबवर फिरणं. संध्याकाळी टॅबी या स्वयंपाकिणीच्या चुलीपाशी बसून तिच्या जुन्या गोष्टी. लॅटिन आणि ग्रीकचे रीतसर धडे वडील ब्रॅनवेलला देत. मुलगा म्हणून त्याच्या वाट्याला जास्त शिक्षण आलं, हे नीट लक्षात ठेवायला हवं. त्याचा हिशेब पुढे येतोच.

५ जून १८२६ची खरेदी

त्या दिवशी वडील लीड्सहून परतले ते ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांचा संच घेऊन. रात्र झाली होती, मुलं झोपली होती. सकाळी ब्रॅनवेल खोकं घेऊन बहिणींच्या खोलीच्या दाराशी गेला.

शार्लटने १८२९ मध्ये लिहिलेली हकीकत अशी : एमिली आणि मी अंथरुणातून उडी मारून उठलो, मी एक शिपाई झडप घालून उचलला आणि म्हटलं, हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा माझा! एमिलीने एक निवडला, तो गंभीर चेहऱ्याचा होता म्हणून त्याचं नाव तसंच पडलं. ॲनने उचललेला शिपाई तिच्यासारखाच चिमुकला आणि जरा विचित्र होता. ब्रॅनवेलने स्वतःसाठी बोनापार्ट निवडला, म्हणजे त्याच वेलिंग्टनने युद्धात हरवलेला नेपोलियन.

ब्रॅनवेलने काही काळाने याच सकाळीबद्दल लिहिलं, त्यात सूर वेगळा आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शिपाई त्याने बहिणींकडे नेले, त्यांनी एकेक उचलून नावं ठेवली आणि त्या नावांना त्याने मान्यता दिली. शिपाई त्यांना फक्त सांभाळायला दिले होते. मालकी त्याचीच, त्यांचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच. आणि मग पुढे तो सांगतो की थोड्याच दिवसांत त्याने ते शिपाई बहिणींना कायमचे देऊन टाकले.

या दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की भावंडांच्या घरात रोज घडणारी गोष्ट दिसते. एकीला आठवतं की आपण हक्काने घेतलं, दुसऱ्याला आठवतं की आपण उदारपणे दिलं. दोघांच्या आठवणी आपापल्या जागी खऱ्या असतील. मला महत्त्वाचं वाटतं ते ब्रॅनवेलचं शेवटचं वाक्य. सांभाळायला दिलेला शिपाई म्हणजे उसना खेळ, त्यात खेळणारा कायम मालकाच्या मर्जीवर असतो. तो कायमचा दिला गेला त्या दिवशी खेळात एकाचे चार मालक झाले. पुढे वीस वर्षं जे चाललं त्याचा पाया इथे पडला, असं माझं ठाम मत आहे. मुलांना ‘वाटून घ्या’ म्हणताना आपण बहुतेक वेळा एकाची वस्तू बाकीच्यांना तात्पुरती वापरायला लावतो. त्यातून वस्तूचा मालक धुमसत राहतो आणि बाकीचे संकोचाने खेळतात.

शिपायांची नावंही बघण्यासारखी आहेत. ब्रॅनवेलच्या नोंदीत एमिलीचा शिपाई पॅरी आणि ॲनचा रॉस. त्या काळी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातून वाट शोधणाऱ्या दर्यावर्दींची ही नावं वर्तमानपत्रांत गाजत होती. सात वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलीला ती ठाऊक होती, कारण घरात वर्तमानपत्रं मोठ्याने वाचली जात.

एकेकाला एकेक बेट

दुसरा प्रसंग १८२७च्या हिवाळ्यातला. बाहेर बर्फाळ वारा, चौघंही स्वयंपाकघरात चुलीपाशी. मेणबत्ती लावण्यावरून टॅबीशी हुज्जत झाली होती आणि टॅबी जिंकली होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ब्रॅनवेल आळसटून म्हणाला, काय करावं सुचत नाही. टॅबी म्हणाली, मग झोपायला जा. झोपण्यापेक्षा काहीही परवडलं, असं त्याचं उत्तर. तेवढ्यात शार्लट म्हणाली : समजा, आपल्याला एकेक बेट मिळालं तर?

ब्रॅनवेलने आइल ऑफ मॅन मागितलं, शार्लटने आइल ऑफ वाइट, एमिलीने ॲरन, ॲनने गर्न्झी. मग प्रत्येकाने आपापल्या बेटावर राहायला खरीखुरी हयात माणसं निवडली. एमिलीच्या बेटावर कादंबरीकार वॉल्टर स्कॉट आले. शार्लटने वेलिंग्टन आणि त्याची दोन मुलं घेतली. सात वर्षांच्या ॲनने निवडलेल्यांत मायकेल सॅडलर हे राजकारणी आणि हेन्री हॅलफर्ड हे राजवैद्य होते. घड्याळात सातचे ठोके पडले आणि चौघांची झोपायला रवानगी झाली.

कंटाळ्यातून खेळ निघतो हे आता सगळेच सांगतात. मला इथे बेटांच्या वाटपाची पद्धत जास्त मोलाची वाटते. शार्लटने ‘आपलं एक बेट असतं तर’ असं म्हटलं असतं, तर त्याची राणी तीच झाली असती. तिने चार बेटं मागितली. समुद्र सगळ्यांचा, बेट ज्याचं त्याचं. ॲनने काय निवडावं हे कुणी सुचवलं नाही, आणि तिने निवडलेल्या वैद्याला कुणी हसल्याची नोंद नाही.

पुढे या खेळात एका बेटावर मुलांची शाळा उभी राहिली. शाळेने दोन बहिणी नेलेल्या या मुलांनी शाळेचाच खेळ मांडला : खोडकर मुलांसाठी कोठड्या, कोठड्यांच्या किल्ल्या एमिलीकडे आणि मुलांना बदडायला ब्रॅनवेलच्या हातात काळा दंडुका. घरातल्या कुणाही मोठ्या माणसाने हा खेळ सुधारायला घेतला नाही, याबद्दल मला कृतज्ञता वाटते. जे बोलता येत नव्हतं, ते मुलं एकमेकांबरोबर खेळून काढत होती.

मासिक

वडील शेजारच्या एका गृहस्थाकडून एडिंबराहून निघणारं ‘ब्लॅकवुड्स’ मासिक वाचायला आणत. जानेवारी १८२९ मध्ये अकरा वर्षांच्या ब्रॅनवेलने ‘ब्लॅकवुड्स’च्याच नावाने स्वतःचं मासिक काढलं. वाचक ठरलेले होते : लाकडी शिपाई. त्यामुळे मासिकाचा आकारही शिपायांच्या हातात मावेल असा, काडेपेटीएवढा. कागद महाग होता, म्हणून साखरेच्या पुड्यांचे आणि असेच कुठले कुठले तुकडे कापून, शिवून अंक बांधले जात. अक्षर छापील अक्षरासारखं आणि इतकं बारीक की मोठ्यांना वाचता येऊ नये. १८३०चा एक अंक २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात हॉवर्थच्या संग्रहालयाने ६,००,००० युरोंना विकत घेतला. त्याच्या वीस पानांत ४,०००हून जास्त शब्द आहेत.

या मासिकात अनुक्रमणिका होती, जाहिराती होत्या, कविता, प्रवासवर्णनं, पुस्तकपरीक्षणं, संपादकाच्या नावची पत्रं. म्हणजे मुलं नुसती गोष्ट लिहीत नव्हती. एका नियतकालिकाची सगळी अंगं हाताने घडवून बघत होती. कुठल्या मजकुराला कुठला सूर लागतो, जाहिरात कशी बोलते, परीक्षणातला खडूसपणा कसा साधायचा, हे कुठल्याही धड्याने इतक्या लवकर शिकवलं नसतं. शार्लटने ३ ऑगस्ट १८३० रोजी आपल्या पुस्तकांची यादी केली, त्यात बावीस खंड भरले. वय चौदा.

काही अंकांनंतर, ऑगस्ट १८२९ मध्ये, संपादकपद शार्लटकडे गेलं आणि तिने मासिकाचं नाव बदललं. ब्रॅनवेलचा ओढा आता इतिहास आणि लढाया लिहिण्याकडे होता. त्याने शिपायांच्या राज्याचा सविस्तर इतिहास लिहिला आणि त्याला नकाशा जोडला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसवलेल्या या काल्पनिक राज्यात चारही भावंडांचे प्रदेश होते, आणि चौघंही जिन होते : टाली, ब्रॅनी, एमी, ॲनी. मेलेल्या शिपायाला जिवंत करण्याची ताकद या जिनांकडे होती. एकाने लढाईत मारलेलं पात्र दुसरीला हवं असेल तर ती त्याला उठवू शकत होती. एकत्र लिहिणाऱ्या मुलांना याहून चांगला नियम सापडणं कठीण. ज्या घरात दोन मुलं मिळून गोष्ट रचतात, तिथे ‘तू माझ्या राजाला मारलंस’ हे भांडण होतंच.

मोठ्यांनी काय केलं

पॅट्रिक ब्राँटे बरेचदा एकटे जेवत, आपल्या अभ्यासिकेत असत आणि मुलांच्या खेळात शिरत नसत. यावरून त्यांना कठोर ठरवणारे पुष्कळ आहेत. कागद वाचून माझं मत वेगळं झालं. मुलांसाठी वरच्या मजल्यावर एक छोटीशी खोली होती, तिला नोकरमाणसं ‘मुलांची अभ्यासिका’ म्हणत. घरातली पुस्तकं आणि नियतकालिकं मुलांना खुली होती. मोठ्यांसाठी म्हणून काही कपाटात बंद केलेलं नव्हतं. चित्रकलेची ओढ दिसली तेव्हा बाहेरून शिक्षक आणले, पुढे पियानोही आला.

वेलिंग्टन, बोनापार्ट, हॅनिबल आणि सीझर यांच्यात श्रेष्ठ कोण यावर मुलांची जुंपायची. वाद हातघाईवर आला की आपण मध्यस्थ म्हणून जात असू आणि आपल्या समजुतीप्रमाणे निवाडा देत असू, असं वडिलांनीच नंतर लिहिलं आहे. बोलावलं, किंवा अगदीच गरज पडली, की जायचं. एरवी नाही.

आणि १८२९चा तो प्रसंग. कॅथलिकांना राजकीय हक्क देण्याचा कायदा संसदेत होता आणि त्यावरच्या भाषणाचा वृत्तान्त घेऊन वर्तमानपत्र आलं. वडिलांनी घाईघाईने वेष्टन फाडलं, सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले आणि श्वास रोखून ऐकत राहिले, असं शार्लटने लिहून ठेवलंय. मावशीसुद्धा त्यात होती. कौटुंबिक उपक्रम म्हणून काय करावं असं पालक विचारतात, तेव्हा मला हे दृश्य आठवतं. मुलांसाठी काही मुद्दाम आखलेलं नव्हतं. मोठ्यांना मनापासून ज्याची उत्कंठा होती, त्यात मुलांना जागा होती.

एकदाच वडिलांनी मुलांच्या लेखनात हात घातल्याचं दिसतं. १८३३च्या नाताळात त्यांनी शार्लटला एक कोरी वही दिली आणि वरच लिहिलं : या वहीत जे लिहायचं ते चांगल्या, स्वच्छ, वाचता येईल अशा अक्षरात. शार्लटची नजर फार अधू होती आणि त्या बारीक अक्षराने ती आणखी बिघडेल ही काळजी त्यामागे असावी. मजकुराबद्दल एक शब्द नाही. तिने त्या वहीत काय लिहावं हे त्यांनी तिच्यावर सोडलं.

फुटून निघणं

जानेवारी १८३१ मध्ये शार्लट रो हेड इथल्या शाळेत गेली. घरातली थोरली बाहेर पडताच व्यवस्था बदलली. एमिली आणि ॲन यांनी त्या सुमारास शिपायांच्या राज्यातून अंग काढून घेतलं आणि स्वतःचं नवं राज्य उभं केलं : उत्तर प्रशांत महासागरातलं गोंडाल बेट. घरातल्या भूगोलाच्या पुस्तकात गावांच्या नावांची यादी होती. ॲनने तिच्यात आपल्या हाताने गोंडाल, त्याची राजधानी रेजिना आणि दक्षिणेकडे ‘नव्याने सापडलेलं’ गाल्डाइन बेट ही नावं घालून टाकली. मागे उरलेल्या शार्लट आणि ब्रॅनवेलने पुढे, १८३४ मध्ये, अँग्रिया नावाचं राज्य वसवलं.

धाकट्यांनी असं वेगळं होणं हे अनेक पालकांना घरातली फूट वाटेल. मला ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत निरोगी पाऊल वाटतं. चौघांच्या खेळात मोठ्या दोघांचा आवाज मोठा होता. शिल्लक कागदांतही त्यांचंच लिखाण भरलेलं आहे. गोंडालमध्ये एमिली आणि ॲन कुणाच्या मागे नव्हत्या. त्यांनी मोठ्यांकडून पद्धत उचलली आणि राज्य स्वतःचं केलं. शार्लटने त्यात नाक खुपसलं नाही.

गोंडाल पुढची चौदा-पंधरा वर्षं चाललं. या दोघी दर काही वर्षांनी एक कागद लिहीत, त्या दिवशी घरात कोण काय करतंय ते नोंदवत, आणि तो पुढच्या खेपेला उघडायचा असं ठरवत. पहिला कागद २४ नोव्हेंबर १८३४चा. त्यात पाळलेल्या पक्ष्यांना दाणे घातल्याची नोंद आहे, शार्लटच्या पुडिंगसाठी सफरचंदं सोलल्याची आहे, आणि मध्येच, काहीही प्रस्तावना न करता, गोंडालचे लोक गाल्डाइनच्या अंतर्भागाचा शोध घेत असल्याची बातमी आहे. बारा वाजून गेलेत, आम्ही आवरलेलं नाही, अंथरुणं काढलेली नाहीत, धडे केलेले नाहीत आणि आम्हाला बाहेर खेळायला जायचंय, असंही एमिली लिहिते. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. शुद्धलेखनाच्या चुका पदोपदी आहेत.

उणिवा

रो हेडला पोचलेल्या शार्लटला व्याकरण येत नव्हतं आणि भूगोल फारच थोडा येत होता. संचालिका मिस वुलर तिला खालच्या वर्गात बसवायला निघाल्या, तेव्हा ती इतकी रडली की तिला वरच्या वर्गात घेतलं गेलं, उरलेलं तिने स्वतः भरून काढायचं या बोलीवर. तिने ते भरून काढलं आणि बक्षिसंही मिळवली. तिची वर्गमैत्रीण मेरी टेलर हिने पुढे सांगितलं की आम्हाला ती अडाणी वाटायची, आणि मग आमच्या कक्षेबाहेरचं काहीतरी सांगून ती आम्हाला गप्प करायची.

याच मेरीने शार्लटला एकदा तोंडावर सांगितलं की तुम्ही भावंडं म्हणजे तळघरात वाढवलेले बटाटे. शार्लट खिन्नपणे म्हणाली, हो, माहीत आहे मला.

हे वाक्य घरी शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाने ऐकावं असं मला वाटतं. बाहेरच्या मैत्रिणीशिवाय ते कुणी म्हटलं नसतं. व्याकरणाची उणीव दीड वर्षात भरून आली, पण माणसांची उणीव तितक्या सहज भरत नाही. एमिली १८३५ मध्ये रो हेडला गेली आणि घराच्या ओढीने झुरून तीनेक महिन्यांत परतली. तिच्या जागी गेलेली ॲन मात्र दोन वर्षं टिकली.

शार्लटच्या शिक्षणाचा लाभ घरालाही झाला. १८३२च्या जुलैमधल्या पत्रात ती मैत्रिणीला कळवते : सकाळी नऊपासून साडेबारापर्यंत बहिणींना शिकवते आणि चित्रं काढते, मग जेवणापर्यंत फिरणं, नंतर शिवण, चहानंतर वाचन किंवा लेखन किंवा मनात येईल ते. बाहेर शिकून आलेलं मूल घरी परत येऊन शिकवतं, ही व्यवस्था आजही करता येण्याजोगी आहे.

ब्रॅनवेलचा हिशेब सगळ्यांत अवघड आहे. भाषांचं शिक्षण त्याला सर्वांत जास्त मिळालं, घराच्या आशा त्याच्यावर होत्या, आणि चौघांत सर्वांत आधी, १८४१ मध्ये, त्याच्याच कविता वर्तमानपत्रात छापून आल्या. पण बहिणी शाळेत, नोकरीत, परक्या घरांत जाऊन आपलं मोजमाप करून घेत होत्या, त्या वयात त्याला समवयस्कांची शाळा अशी कधी लाभलीच नाही. खऱ्या ‘ब्लॅकवुड्स’ला त्याने अठराव्या वर्षी पत्र लिहिलं, आपल्याला लेखक म्हणून घ्या अशा घमेंडीच्या सुरात. उत्तर आलं नाही. घरच्या मासिकाचा संपादक आणि बाहेरच्या जगातला उमेदवार यांतलं अंतर त्याला कुणी दाखवलं नव्हतं. पुढे नोकऱ्या सुटल्या, दारू आणि अफू आली, आणि १८४८ मध्ये एकतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या ऱ्हासाचं खापर एकट्या घरशाळेवर फोडता येणार नाही. पण त्याच घरात बहिणींना सक्तीने बाहेर जावं लागलं आणि मुलग्याला जवळ ठेवलं गेलं, हा फरक मला डोळ्यांआड करता येत नाही.

१८४५च्या शरदातली चोरी

त्या वर्षीच्या नोंदींत ॲन लिहिते की गोंडालचे लोक सध्या खेळण्याच्या फारशा चांगल्या स्थितीत नाहीत. एमिलीला मात्र ते अजून जोमात वाटत होते. पंचविशीतल्या ॲनचा रस ओसरला होता, सत्तावीस वर्षांच्या एमिलीचा नव्हता, आणि दोघी तरीही मिळून चालवत होत्या.

मग शार्लटच्या हाती एमिलीची कवितांची वही लागली. तिने ती न विचारता वाचली. एमिली संतापली. तिला शांत करायला काही तास लागले आणि या कविता छापण्याजोग्या आहेत हे पटवायला काही दिवस. दरम्यान ॲनने गुपचूप आपल्या कविता आणून शार्लटपुढे ठेवल्या : तिच्या आवडल्या, तर माझ्याही बघ.

इतकी वर्षं सगळं वाटून घेतलेल्या घरातही एमिलीकडे न दाखवायची वही होती. शार्लटचा साहित्यिक अंदाज अचूक ठरला म्हणून तिचं वाचणं योग्य ठरत नाही. एमिलीचा राग मला पूर्ण न्याय्य वाटतो. आणि ॲनचं वागणं बघितलं की कळतं, धाकट्या मुलाला कुणी विचारायची वाट बघत थांबायची सवय किती खोल लागलेली असते.

१८४६ मध्ये तिघींनी स्वतःच्या खर्चाने, ३१ पौंड १० शिलिंग मोजून, कवितांचं एकत्र पुस्तक काढलं. टोपणनावं तीन, प्रत्येकीचं आद्याक्षर कायम. कवितांच्या वाटणीत एमिली आणि ॲनच्या एकवीस-एकवीस, शार्लटच्या एकोणीस. कुठली कविता कुणाची हे पुस्तकात स्पष्ट होतं. पहिल्या वर्षी दोन प्रती खपल्या. तोवर तिघी आपापल्या कादंबऱ्यांना लागल्या होत्या. रात्री नऊनंतर घर शांत झालं की त्या जेवणघरातल्या टेबलाभोवती फेऱ्या मारत बोलत, आणि आठवड्यातून एकदोनदा लिहिलेलं एकमेकींना वाचून दाखवत. ब्रॅनवेल त्यात नव्हता. बहिणींचं काही छापून आलंय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, असं शार्लटने त्याच्या मृत्यूनंतर लिहिलं.

त्या वाचनांबद्दल शार्लटने आपली चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल हिला एक गोष्ट सांगितली. बहिणी जे म्हणत ते ऐकून तिने आपलं लिखाण क्वचितच बदललं. तरीही ती वाचनं तिघींनाही अतिशय हवीहवीशी होती.